ढालीवरचं मुसळ

चैत्र निम्मा सरला की मला लालबागला जायची हुक्की येते. सून दरवर्षी तेच सांगते, "आई, अहो मसाला घरपोच मिळतो आता. कशाला त्या गर्दीत?" मिळतो की. पण घरपोच मसाल्यात शिंक नसते. मग मी थोडी भांडते, थोडी रुसते आणि शेवटी टॅक्सी करून मिरच्यांच्या त्या गल्लीत जाऊन उभी राहते. दोन्ही बाजूंना पोती, नाकाला पदर आणि आतून मसाला कांडायच्या यंत्रांची धडधड. दहा मिनिटांत डोळ्यांतून, नाकातून इतकं पाणी वाहायला लागतं की दुकानदाराला दया येते. "आजी, आत बसा पंख्याखाली," तो म्हणतो. मी बसत नाही. मला तो आवाज ऐकायचा असतो.

आवाज मात्र मला हवा तो नसतो. यंत्राचा घाव एकसुरी, कंटाळलेल्या कारकुनासारखा. आमच्या गिरगावातल्या चाळीच्या मागच्या अंगणात कांडपाचा आवाज दोन सुरांचा होता. एक जड, एक हलका. धप्प, ठक. धप्प, ठक. उखळ एक, मुसळं दोन, आणि समोरासमोर उभ्या दोन बायका. एकीचं मुसळ वर जायचं तेव्हा दुसरीचं खाली यायचं. वैशाखात दोन-तीन दिवस हा आवाज आमच्याकडे चालायचा, मग शेजारी, मग समोरच्या चाळीत. या आवाजात मी अभ्यास केला, गोवर काढला, बहिणीशी भांडले, दुपारच्या झोपा काढल्या. इतकं ऐकूनही मी त्या आवाजाला ठार बहिरी होते. ते मला कळलं एकविसाव्या वर्षी, आणि कळलं कशामुळे, तर एका कॅथलिक बिशपच्या ढालीमुळे.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. गिरगावात भिंत मोकळी दिसली की रात्रीतून तिच्यावर घोषणा उमटायची. सकाळी प्रभातफेरी, संध्याकाळी सभा, आणि मधल्या वेळात कुठल्या सभेला कोण काय बोललं यावर गॅलरीत वाद. मी चित्रकलेचा अभ्यासक्रम पुरा करून घरी बसले होते. घरी बसले म्हणजे काय, तर आईला पापड लाटू लागत होते आणि मला बघायला येणाऱ्या मंडळींसमोर पोहे नेत होते. दोन्ही कामांत मला गती नव्हती. शेवटी खोताच्या वाडीच्या तोंडाशी छापखाना असलेल्या आग्नेलकाकांनी आईला गळ घातली, "वहिनी, पोरीच्या हातात कला आहे. मला लग्नपत्रिकांवर नक्षी काढायला माणूस हवंय. घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, तुम्ही गॅलरीतून हाक मारलीत तर ऐकू येईल." आईने खरोखरच हाक मारून बघितली. मी "ओ" दिली, आणि मला नोकरी लागली.

काकांचा छापखाना म्हणजे एक गंमतच होती. पायाने चालवायच्या त्याच छपाईयंत्रावर सकाळी चर्चचं पत्रक छापलं जायचं आणि दुपारी दार लोटून चळवळीची हँडबिलं. मी एकदा विचारलं, "काका, तुम्हाला काय हो महाराष्ट्राचं?" ते असे काही भडकले! "मला काय? अगो, आमच्या पणजोबाची भातशेती होती परळला. गिरण्यांची धुराडी नंतर उगवली. आम्ही घरात मराठी बोलतो, मराठीत भांडतो आणि मराठीतच पापं कबूल करतो. आम्ही इथले नाही तर कोण?" मी कानाला खडा लावला.

त्याच वैशाखात काकांनी माझ्यापुढे एक पत्र ठेवलं. परळच्या चर्चमधले फादर पास्कल दूरच्या कुठल्याशा प्रांतात बिशप म्हणून नेमले गेले होते. अभिषेक इथेच, आपल्या माणसांत व्हायचा होता. काकांनी मला समजावलं की प्रत्येक बिशपला स्वतःचं एक चिन्ह असतं, ढालीच्या आकाराचं. ते त्याच्या पत्रांवर छापतात, दारावर लावतात, आणि तो मेला की बहुधा थडग्यावरही कोरतात. "बापाची ढाल मुलाला मिळते असं राजेलोकांत. बिशपला मुलं नाहीत. त्याची ढाल त्याच्यापुरती," काका म्हणाले. मला हे फार आवडलं. एका माणसापुरतं एक चित्र. आपण कोण, हे हाताच्या पंजाएवढ्या जागेत सांगायचं आणि ते पुन्हा कुणाला द्यायचं नाही!

काकांकडे या विषयाचं एक जुनं, वाळवी लागलेलं पुस्तक होतं. मी त्यात बुडून गेले. ढालीच्या माथ्यावर रुंद काठाची हिरवी टोपी काढायची. टोपीच्या दोन्ही बाजूंना दोऱ्या आणि त्यांना गोंडे: वर एक, त्याखाली दोन, त्याखाली तीन. एका अंगाला सहा म्हणजे बिशप. तेच दहा झाले की आर्चबिशप. म्हणजे एक ओळ जास्त काढली की मी बसल्या जागी माणसाला बढती देऊ शकत होते. ढालीमागे उभा क्रूस. आणि सगळ्यात गमतीचं म्हणजे उजवं-डावं बघणाऱ्याचं नाही, ढाल धरणाऱ्याचं. त्याचा उजवा हात तो मानाचा. म्हणजे चित्र काढताना आपण ढालीच्या मागे, त्या माणसाच्या जागी जाऊन उभं राहायचं.

रंगांचं तर निराळंच शास्त्र. पिवळा म्हणजे सोनं, पांढरा म्हणजे चांदी, आणि हे दोन धातू. धातूवर धातू ठेवायचा नाही, रंगावर रंग ठेवायचा नाही. लढाईच्या धुरळ्यात लांबून ओळखू आलं पाहिजे. काळ्या शाईत छापायचं तर तांबड्यासाठी उभ्या रेघा, निळ्यासाठी आडव्या, सोन्यासाठी ठिपके आणि चांदीची जागा कोरी. मी घरी कच्चं चित्र नेलं तर आईने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "ही गोधडी कुणाची गं?" मग तिने गोंडे मोजले. "बारा? शुभकार्य आहे ना त्यांचं? एक वाढव. सम आकडा चांगला नाही." मी दुसऱ्या दिवशी हे काकांना सांगितलं, तर त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली. "तेरा? आईला सांग, येशूच्या शेवटच्या जेवणाला तेरावा जो बसला होता ना, त्याने दगा दिला म्हणून सगळं झालं!"

ढालीवर काय हवं ते फादर पास्कलनी पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. वरच्या भागात निळ्यावर चांदीचा तारा, तो मारियामातेचा. खालच्या भागात तांबड्यावर सोनेरी मुसळ. "माझ्या आईने मसाले कांडून मला वाढवलं. त्या मुसळाची मला लाज नाही, अभिमान आहे," असं त्यांनी लिहिलं होतं. पुस्तकात म्हटलं होतं की तांबडा रंग हुतात्म्यांच्या रक्ताचा. मला तो मिरचीचा वाटला. चर्चच्या मंडळातल्या थोरामोठ्यांना सिंह हवा होता, निदान स्वर्गाच्या किल्ल्या तरी. काकांनी त्यांची समजूत घातली. मीही पत्र वाचून गहिवरले. कारण हे मुसळ मी ओळखत होते.

फादर पास्कलची आई म्हणजे आमची रोजामाय. खोताच्या वाडीत राहणारी, काळीसावळी, उंच, कोपरापर्यंत बाह्यांचं झंपर आणि गुडघ्याखाली आखूड नेसलेलं लुगडं. आमच्याकडे मसाला कांडायला येणाऱ्या दोघींपैकी ती एक. दुसरी सोनूमावशी, मालवणकडची, ठेंगणी, कपाळभर कुंकू. ती पूर्वी आमच्याच आळीत राहायची, पुढे नवऱ्याच्या गिरणीपायी लालबागला गेली. पण वैशाखात पहाटेच्या पहिल्या ट्रामने हजर. दोघींची जोडी माझ्या जन्माआधीपासूनची. एक गोष्ट सांगायला मला आजही लाज वाटते. आमच्या घरी रोजामायसाठी चहाचा कप वेगळा होता, मागच्या कोनाड्यात ठेवलेला. ख्रिश्चन म्हणून. आई वाईट बाई नव्हती, पण कप वेगळा होता. सोनूमावशीला घरातला कप मिळायचा. तो ती तसाच ठेवायची आणि रोजामायचा पिऊन झाला की त्याच कपात स्वतःचा चहा ओतून घ्यायची. आईला मिरच्या झोंबायच्या, पण बोलायची सोय नव्हती.

तर मी मुसळ काढलं. ढालीच्या खालच्या भागात मधोमध, सरळ उभं, टोकाला लोखंडी कडं. फार देखणं झालं. राजाचा दंडच जणू. छपाईचा ब्लॉक तयार झाला, निमंत्रणाची कार्डं छापून झाली. चर्चच्या दारावर लावायला लाकडाची एक मोठी ढाल मी रंगवायला घेतली. फादर पास्कल तोवर एकांतवासात गेले होते. अभिषेकाआधी बिशपने काही दिवस मौनात, प्रार्थनेत काढायचे असतात. कुणाला भेटायचं नाही, पत्र नाही, निरोप नाही. पहिलं कार्ड मात्र त्यांच्या आईला द्यायचं असं ते सांगून गेले होते. काका आणि मी मोठ्या हौसेने ते घेऊन गेलो.

रोजामाय ओट्यावर मिरच्यांची देठं खुडत होती. तिने लुगड्याला हात पुसले, कार्ड घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. मी उत्साहाने सांगायला लागले, हा तारा, ही टोपी, हे गोंडे. तिने माझं बोलणं मधेच तोडलं.

"ह्ये मुसळ?"

"तुझं, रोजामाय!"

"आन् दुसरं कुठं हाय?"

मला कळेना. काकांनाही कळेना. ती माझ्याकडे बघत राहिली, रागाने नाही, नवलाने. "बाय, तू जन्मल्यापासून बघतेस ना गो आमाला? एक मुसळ कदी चाललंय का?"

धप्प, ठक. एकवीस वैशाख मी ते ऐकलं होतं, आणि कागदावर काढलं काय, तर नुसतं धप्प! आमच्या घरात कधी कुणी मुसळ हातात धरलं नव्हतं, हेच त्याचं कारण. आम्ही मसाला खाणारे लोक. आमच्या लेखी मुसळ ही वस्तू. तिला ठाऊक होतं की मुसळ ही जोडी असते. आणि तिच्या मुलालाही ते आठवलं नव्हतं, याचं मला जास्त नवल वाटलं.

"असं हाय आग्नेल," रोजामाय कार्ड परत देत म्हणाली, "सोनूचं मुसळ नसंल तर मी काय येत नाय तुमच्या अभिषेकाला. पास्कूला सांगा."

"अगो, तो मौनात आहे! आणि बिशपची आई नाही म्हणजे लोक काय म्हणतील? पहिल्या बाकावर तुझी जागा आहे."

"जागा असू दे रिकामी. ढालीवरची हाय ना रिकामी, तशी ती पण."

काकांनी वाडीच्या तोंडापर्यंत येताना सतरा वेळा कपाळ पुसलं. त्यांची पंचाईत मला समजत होती. ढाल बिशपची, त्याच्या परवानगीवाचून तिच्यावर एक ठिपकाही वाढवता येत नाही. आणि मंडळाला काय सांगायचं? "एक मुसळ म्हणजे आई, हे मी कसंबसं त्यांच्या गळी उतरवलंय. दुसरं कुणाचं म्हणून सांगू? लालबागच्या सोनूबाईचं? बिशपच्या ढालीवर कुंकू लावणाऱ्या बाईचं मुसळ? सिंह परवडला!"

मला मात्र चैन पडेना. दुसऱ्या दिवशी मी एकटीच रोजामायकडे गेले. देठं खुडायला बसले. पाच मिनिटांत माझी बोटं पेटली. तिने खोबरेल तेल आणून दिलं आणि मग, न विचारता, सांगायला लागली.

नवरा शिवडीच्या गोदीत होता. तो अपघातात गेला तेव्हा पास्कल चौदा वर्षांचा, धर्मगुरू व्हायच्या शाळेत नुकताच राहायला गेलेला. पाठोपाठ रोजामायला तापाने धरलं, तो दोन वैशाख सोडेना. अंगात मुसळ उचलायचं बळ नाही. तिची घरं दुसऱ्या कांडपिणींनी घेतली असती, आणि एकदा गेलेलं घर परत मिळत नाही. घरी बघणारं कुणी नाही म्हटल्यावर पास्कलला शाळेतून घरी आणावं लागलं असतं. "सोनू म्हणाली, त्याला काय बी कळवायचं नाय. मी हाय." सोनूमावशीने रोजामायची सगळी घरं राखली. पण एकटीने कांडप होत नाही. एकटीचा घाव पडला की मसाला कडेला चढतो. तो मधे परत आणतो समोरचीचा घाव. तेव्हा सोनूमावशीने आपल्या दत्तूला समोर उभं केलं. पास्कलच्याच वयाचा. नेमका वार्षिक परीक्षांचा मोसम. पहिल्या वर्षी त्याची परीक्षा बुडाली, दुसऱ्या वर्षीही बुडाली, आणि शाळेने नाव काढून टाकलं.

"तो माजं मुसळ घेऊन उबा ऱ्हायला, म्हणून माजा पोर शिकला," रोजामाय म्हणाली. "आता दत्तू गिरणीत साच्यावर हाय. आन् माज्या पोराला दारावर ढाल."

"फादरना हे माहीत नाही?"

"मी सांगितलं नाय." मग एक देठ खुडून, "त्यानं पण इचारलं नाय."

आज मागे वळून बघताना वाटतं, तिच्या रागाचा निम्मा भाग स्वतःवरच होता. उपकार लपवायला सोनूने सांगितलं होतं आणि ती लपवत गेली, वीस वर्षं. लपवलेल्या गोष्टीला मूळ फुटतं आणि मग ती उपटणं जड जातं. पण तेव्हा मी एकवीस वर्षांची होते, शहाणपणा उतू चालला होता. मला वाटलं, सोनूमावशीला जाऊन भेटावं, तीच काहीतरी मार्ग काढील. आईला "काकांचं काम आहे" म्हणून थाप मारली आणि लालबागची ट्राम पकडली.

मधे मोर्चा निघाला म्हणून ट्राम अडकली. बाकी रस्ता चालत. "झालाच पाहिजे"चा आवाज गल्लीतून गल्लीत फिरत होता आणि त्यात मधूनच कुठे तरी शिंका. मिरच्या भाजण्याचा मोसम मोर्च्यासाठी थांबत नाही. सोनूमावशी चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर. खोलीत दत्तू रात्रपाळी करून आडवा झाला होता. मी कुजबुजत सगळं सांगितलं. ती हसायलाच लागली.

"ढाल? कोणाक मारूक गो?"

"मारायला नाही, मावशी. ओळखीसाठी असते."

"माका वळाखतत सगळे. माका नको ती ढाल. रोजाक सांग, हट करू नको म्हणान. पोरगो बिशप होता आणि आवशीन घरात बसाचा? लोक हसतले." मग तिने माझे लाल झालेले हात बघितले आणि ताक आणून त्यांवर ओतलं.

दत्तू जागाच होता. भिंतीकडे तोंड करून तो म्हणाला, "दोन वर्षं कांडलं. तेव्हापासून मिरची बाधत नाय मला. पोलिसांनी अश्रुधूर सोडला ना, तर सगळे पळाले, मी आपला उभा. तेवढाच फायदा." त्याच्या आवाजात कडवटपणा होता का? मी पुष्कळदा स्वतःला विचारलंय. असेल थोडा. असायलाच हवा होता. सोनूमावशी मात्र जिना उतरेपर्यंत माझ्यामागे आली आणि हळूच म्हणाली, "पण रोजान इचारला काय, दुसरा खंय आसा म्हणान? खरांच इचारला?" मी हो म्हटलं. तिचे डोळे भरून आले. ती म्हणाली, मिरची.

अशा वेळी मला ढालींच्या त्या पुस्तकाचा राग यायला लागला. त्यात सिंह होते, गरुड होते, किल्ले होते, तीन-तीन मासे होते. कुठल्याही ढालीवर दोन माणसांचं काम नव्हतं. मग मला वाटायचं, आमच्या घराची ढाल काढली तर त्यावर काय येईल? पेन आणि टाक, नक्कीच. आमच्या तीन पिढ्या कारकुनीत गेल्या. आणि कोनाड्यातला कप. तोही काढायला हवा, नाही तर ढाल खोटी. मी खरंच काढून बघितली ती. आईला दाखवायचं धाडस मात्र झालं नाही.

अभिषेकाला चार दिवस उरले आणि फादर पास्कल एकांतवासातून परतले. काकांनी त्यांना फक्त एवढंच सांगितलं, "तुमची आई येत नाही म्हणते. कारण तिलाच विचारा." भर दुपारी ते वाडीत आले. चाळिशीच्या आतले, सडपातळ, पांढरा झगा, आईचीच उंची. काका आणि मी रंगवलेली मोठी ढाल घेऊन ओट्याजवळ उभे.

रोजामायने ढालीकडे बघितलंही नाही. अंगणात उखळ होतं, शेजारी भाजलेल्या मिरच्या, धणे, हळकुंडं. "मसाला राहिलाय," ती म्हणाली. "कांड."

"आता? आई, मी..."

"अभिमान हाय ना तुला मुसळाचा? कांड मग."

ते हसले, बाह्या वर केल्या. मुसळ उचललं. पहिला घाव बरा पडला. दुसराही. तिसऱ्याला मिरच्या कडेला चढायला लागल्या. चौथ्याला उडून झग्यावर आल्या. त्यांनी हाताने मसाला मधे ओढला, पुन्हा कांडलं, पुन्हा तो कडेला. शिंका, ठसका, डोळ्यांतून धारा. वाडीतल्या बायका दारादारांत उभ्या, कुणी हसलं नाही. धप्प. आणि मग काहीच नाही. धप्प. आणि मग काहीच नाही. तो मधला रिकामा भाग मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला, आणि मला वाटतं त्यांनाही. त्यांचं मुसळ अर्ध्यात थांबलं. त्यांनी समोर बघितलं, उखळाच्या पलीकडे, जिथे कुणीच नव्हतं.

"मावशी कुठाय?" ते म्हणाले.

रोजामायने एक हळकुंड उचलून उखळात टाकलं.

"आई, सोनूमावशी कुठाय?"

"लालबागला. आन् मी तापानं पडले त्या दोन वर्षी तिच्या समोर कोण उबं होतं, ते तिला जाऊन इचार. मी नाय सांगायची. माजं सांगायचं वय गेलं."

त्यांनी मुसळ हळूच भिंतीला टेकवलं. माझ्याजवळ येऊन ढाल बघितली, पुष्कळ वेळ. "दुसरं बसेल का यात?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बसेल, फादर. सरळ नाही, तिरकं. एकमेकांवर घालावी लागतील." "काढा," ते म्हणाले. "मंडळाला मी सांगतो काय सांगायचं ते." काका म्हणाले, "आणि छापलेली कार्डं?" "शाईने काढा," फादर म्हणाले, "एकेका कार्डावर. मीही बसतो रात्री तुमच्याबरोबर." आणि झग्यावर मिरचीचे डाग, डोळे लालबुंद, अशा अवतारात तो माणूस सोनूमावशीला भेटायला वाडीतून चालता झाला. रोजामायने त्याच्या पाठीकडे बघत तोंडावर पदर घेतला. मला वाटलं, आता ही रडेल. ती नुसतीच धाप लागल्यासारखी श्वास घेत राहिली.

मी ढाल ओट्यावर आडवी ठेवली, जुनं मुसळ खरवडलं, पेन्सिलीने दोन तिरक्या रेघा आखल्या. त्या एकमेकींना जिथे छेदत होत्या तिथे येऊन माझा हात अडला. पुस्तकात या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

"रोजामाय," मी म्हटलं, "दोन मुसळं एकमेकांवर आली की एक वर दिसणार, एक खाली जाणार. बिशपच्या आईचं वर काढू ना?"

ती उखळाशी बसली होती. कडेला चढलेला मसाला दोन्ही हातांनी मधे ओढत होती.

"तिचं काढ वर," ती म्हणाली. "माजा पोर बिशप झाला. तिचं मुसळ तरी वर असू दे."